कडुनिंबापाशी तापणारी गाडी

उत्तरेश्वर परांड्याहून पुण्याला निघाला तेव्हा आईनं बजावलं होतं, टळटळीत दुपारी झाडाखाली एकटा थांबू नकोस. पुण्यात आधी झाड शोधावं लागतं, ही गोष्ट तिला कोण सांगणार. उत्तरेश्वर हसला आणि एस्टीत बसला. पण परांड्याच्या माणसाला असली बोलणी हसण्यावारी नेता येतात, विसरता येत नाहीत. पुण्यात इतकी वर्षं काढून, मिशीत पांढरं येऊनसुद्धा, चहाची टपरी पिंपळाखाली असली तर हा कप घेऊन उन्हात उभा राही.

येरवड्यात तुरुंगाच्या भिंतीमागच्या गल्लीत महिपती मिस्त्रींचं गॅरेज होतं. तिथं तो शिकला, आणि मिस्त्री गेल्यावर गॅरेजही त्याच्याकडेच आलं. मोठ्या रस्त्यावरून आता कंपन्यांच्या बसगाड्या धावू लागल्या होत्या. गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं नव्या चकचकीत गाड्या घेत. त्या गाड्यांचं बॉनेट उघडलं तर आत आणखी एक झाकण, आणि संगणक लावल्याशिवाय त्या बाई तोंड उघडत नसत. उत्तरेश्वरच्या वाट्याला म्हाताऱ्या गाड्या आल्या. त्याचीही तक्रार नव्हती. म्हातारी माणसं निदान कुठं दुखतं ते सांगतात.

गॅरेजच्या भिंतीवर मिस्त्रींनी एक तार ताणली होती आणि तीत पितळी झडपा ओवल्या होत्या. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये ही झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात तिला. पाणी गार असेतो ती मिटलेली असते, तापलं की उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे निवायला जाऊ देते. मिस्त्रींचं मत होतं की हे थंड देशातल्या लोकांचे लाड आहेत. आपल्याकडे उन्हाळा पाचवीला पुजलेला, मग पाणी अडवायचं कशाला? त्यामुळे येईल त्या गाडीची झडप ते आधी काढत आणि तारेत ओवत. पुण्यातले बहुतेक मिस्त्री हेच करत आणि गाड्या बिनबोभाट चालत. एक झडप मात्र तारेत नव्हती. ती कोपऱ्यात, वेगळ्या खिळ्याला टांगलेली होती. उत्तरेश्वरनं एकदा विचारलं होतं, तर मिस्त्री म्हणाले, "राहू दे." बडबड्या माणसानं दोनच शब्दांत उरकावं, याचं त्याला तेव्हा नवल वाटलं होतं.

एप्रिलात एक दिवस, मिस्त्री गेल्यापासून पहिल्यांदाच, ती गाडी आली. लाल, बुटकी, दोनच माणसांची, छप्पर मागं दुमडणारी विलायती गाडी. बाळसं धरलेल्या बेडकासारखी जमिनीला चिकटून बसलेली. चालवत होता ऋषी नावाचा कंपनीतला मुलगा, आणि शेजारी त्याची आजी, नारायण पेठेतल्या विमलाबाई, सुती साडी नेसून आणि काळा चष्मा लावून.

"गाडी तापते," ऋषी म्हणाला. "मी नेटवर वाचलंय. हेड गॅस्केट गेलं असणार."

"मग बसवा की," उत्तरेश्वर म्हणाला.

"ऋषी, तू नीघ," विमलाबाई म्हणाल्या. "तुझी बस चुकली तर अमेरिका बंद पडायची."

तो गेल्यावर त्या स्टुलावर बसल्या. "मी दुरुस्तीला आलेले नाही. मला एवढंच सांगा, गाडी तापवतं कोण?"

"कोण नाही आजी. काय."

"तेच तुम्ही बघायचंय."

मग त्यांनी सांगितलं. यजमान, शरच्चंद्र, हयात असताना ही गाडी सोलापूरपर्यंत जाऊन येई आणि कधी कुरकुरली नाही. मग एका उन्हाळ्यात ते एकटेच निघाले. लोणी काळभोरच्या पुढं रस्त्याकडेच्या कडुनिंबापाशी गाडी तापली. त्यांनी एका शेतावरून पाण्याचा कॅन भरून आणला, इंजिन निवेपर्यंत सावलीत बसले, आणि बसलेलेच राहिले. हृदय थांबलं होतं. कॅन शेजारी तसाच भरलेला. त्या दिवसापासून गाडी त्या रस्त्याला घातली की त्याच झाडापाशी वाफ सोडते.

"ऋषीच्या साहेबांना ही हवी आहे. इंजिनाचा दोष असेल तर देऊन टाकते. लोखंडात जीव अडकवणाऱ्यांतली मी नाही. पण हे थांबवत असतील, तर नाही द्यायची. नवरा विकायची पद्धत नाही आमच्याकडे." मग चष्मा काढून म्हणाल्या, "आणि खोटं बोलू नका. जन्मभर शाळेत शिकवलंय. मागच्या बाकावरचं खोटंसुद्धा मला फळ्याकडे तोंड करून ऐकू येतं."

उत्तरेश्वरनं रेडिएटर धुतला, पंखा आणि त्याचा पट्टा तपासला, पाण्याचा पंप खोलून पाहिला. सगळं ठणठणीत. मग एकटाच मुंढव्यावरून हडपसर गाठून सोलापूर रस्त्याला लागला. हडपसर सुटेपर्यंत तापमानाचा काटा शहाण्या मुलासारखा बसून होता. मग चढू लागला. लोणी मागं पडलं. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची झाडं तोडली होती, एक कडुनिंब तेवढा राहिला होता. तो का राहिला हे कंत्राटदारालाही सांगता आलं नसतं. झाड जवळ आलं आणि बॉनेटमधून वाफ फुटली.

बरोबर टळटळीत दुपार. उत्तरेश्वरनं बॉनेट उघडलं आणि सावली सोडून उन्हात उभा राहिला. वारा पडलेला होता. रस्त्यावरून ट्रक जात होते, पण त्यांचा आवाज झाडापाशी येऊन बुडत होता, विहिरीत दगड पडावा तसा.

उसातून एक म्हातारा शेतकरी बाहेर आला. हातात पाण्यानं भरलेला कॅन. "घ्या. थंड हाय."

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"हाक आली न्हवं."

"मी कुठं हाक मारली?"

"तुमी न्हाई. सायबानं." म्हाताऱ्यानं झाडाखाली पाहिलं, ओळखीच्या ओट्याकडे पाहावं तसं. "हितं बसत्यात त्ये. मी सोनबा. त्या दिशी कॅन मीच भरून दिल्ता."

उत्तरेश्वरनं मनाची समजूत घातली, की शेतातून याला उघडं बॉनेट दिसलं असेल. मग त्यानं मागं वळून पाहिलं. शेत आणि रस्ता यांच्यामध्ये डोक्याहून उंच ऊस होता. रस्ता दिसायचा प्रश्नच नव्हता.

भीती वाटली की माणसानं हाताला काम द्यावं, हे मिस्त्रींनीच शिकवलेलं. त्यानं मुठीच्या पाठीनं नळ्या चाचपल्या. इंजिनाला बिलगून जाणारी छोटी बगलेची नळी चटका देत होती. रेडिएटरची खालची नळी मात्र गार. म्हणजे पाणी रेडिएटरकडे फारसं जातच नव्हतं. इंजिनातून निघून, बगलेनं वळून पुन्हा इंजिनातच शिरत होतं, आणि तिथंच उकळत होतं.

गॅरेजात येऊन त्यानं झडपेचं घर खोललं. आत झडप नव्हती. नसणारच, या गॅरेजातून गेलेल्या कुठल्या गाडीत होती? तो झाकण लावणार, तेवढ्यात त्याला घराच्या भिंतीत एक भोक दिसलं, बगलेच्या नळीचं. इतर गाड्यांत ते असं उघडं नसे.

त्याची नजर आपोआप कोपऱ्यातल्या खिळ्याकडे गेली.

त्यानं ती झडप उतरवली. इतरांसारखीच, पण खाली घागऱ्यासारखा पितळी घेर होता. चहाचं पातेलं स्टोव्हवर ठेवून त्यानं ती उकळत्या पाण्यात सोडली. थोडा वेळ ती तळाशी पडून राहिली. मग सावकाश तिनं तोंड उघडलं, खूप वेळ श्वास कोंडून धरलेल्या माणसासारखं. आणि वरचं तोंड उघडता उघडता खालचा घेर सरकला. गाडीत असती तर त्या घेरानं बगलेचं भोक बंद केलं असतं आणि सगळं पाणी रेडिएटरकडे लोटलं असतं. या गॅरेजात आलेली ही एकच गाडी अशी होती, जिची झडप काढली की ती गार होण्याऐवजी तापते.

शरच्चंद्र त्या प्रवासाला निघाले ते याच गॅरेजातून गाडीची तपासणी करून. पुढं विमलाबाईंची ही गाडी आली की मिस्त्री हडपसरच्या पुढं तिला कधी स्वतः नेत नसत, हे सगळं उत्तरेश्वरला आता आठवलं. झडप परत बसवली असती तर चूक कबूल करावी लागली असती. पातेल्यातलं पाणी निवलं तशी झडप मिटली. शेडमध्ये वारा नव्हता, तरी भिंतीवरची तार बारीक वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी विमलाबाई यायच्या होत्या, आणि रात्रभर त्याच्यापुढं एक फार सोयीची वाट उघडी होती. झडप परत खिळ्याला अडकवायची, आणि सांगायचं, आजी, इंजिनात काही सापडत नाही. मिस्त्रींचं नाव राहिलं असतं, आजींचा नवरा राहिला असता, गाडीही राहिली असती. एका खोट्यात तिघांची सोय.

पण त्या समोर येऊन बसल्या, चष्मा काढला, आणि परांड्याच्या शाळेतला मागचा बाक त्याला आठवला. त्यानं झडप त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं.

"कुणी काढली?"

"मिस्त्रींनी." मग त्याला राहवलं नाही. "मुद्दाम नाही हो. माणूस देवासारखा होता."

"देवच असली कामं करतात," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी झडप बराच वेळ तळहातावर ठेवली, वजन करावं तशी. "बसवा. आणि मला घेऊन चला."

भर दुपारीच निघाले. हडपसर सुटलं, लोणी गेलं. काटा मध्यावर आला आणि तिथंच थांबला. कडुनिंब दिसू लागला तशा विमलाबाईंनी डोळे मिटले. गाडी त्या सावलीतून गेली तेव्हा उत्तरेश्वरच्या मानेवर गारवा सरकला. छप्पर दुमडलेलं होतं, त्यामुळे सावली असणारच, असं त्यानं स्वतःला समजावलं.

"गेलं झाड?"

"गेलं."

"काटा?"

"मध्येच आहे."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी इंजिनाशी बोलत होते."

उत्तरेश्वरनं गिअर बदलला. "गाडी फिरवा," त्या म्हणाल्या. "एकदा सांगून येते, की विकतेय म्हणून."

पुढच्या फाट्यावरून वळून ते परतले. कडुनिंब लांब असतानाच उत्तरेश्वरचा पाय पेडलवरून निसटला. झाडाखाली सोनबा उभा होता, हातात भरलेला कॅन घेऊन.

"आज फुडं गेलासा," तो म्हणाला. "सायब म्हनलं, थांब, येत्यात माघारी."

"कधी म्हणाले?" विमलाबाईंनी विचारलं.

"ह्ये आत्ता. मी हिरीवरची मोटार चालू करत व्हतो, तर हाक आली."

विमलाबाई वर्गात विचारावं तशा स्वरात म्हणाल्या, "उत्तरेश्वर, बॉनेट उघडा."

त्यानं उघडलं. वाफेचा थेंब नव्हता. त्यानं मुठीच्या पाठीनं खालची नळी चाचपली, बगलेची चाचपली. जिथं जेवढं तापायला हवं तेवढंच तापलेलं. पाण्याची गरज गाडीला नव्हती.

"इंजिनाचा दोष नाही, आजी."

"मग मी काय म्हणाले होते?"

"नवरा विकायची पद्धत नाही."

"लक्षात आहे म्हणायचं." त्या उतरल्या, सोनबाच्या हातून कॅन घेतला आणि सावलीत जाऊन बसल्या, बुंध्याला टेकून नव्हे, थोडी जागा सोडून. "तुम्ही उन्हात का उभे?"

"आईनं सांगितलंय," उत्तरेश्वर म्हणाला.

"बरोबर सांगितलंय," विमलाबाई म्हणाल्या.

गाडी विकली गेली नाही. ऋषीनं साहेबांना इंजिन खराब असल्याचं कळवलं, आणि अमेरिका बंद पडली नाही. उत्तरेश्वरनं भिंतीवरची तार उतरवली आणि येईल त्या गाडीची झडप तो परत बसवू लागला. लोक हसायचे, त्याला त्याचं काही नव्हतं. महिन्यातून एखाद्या रविवारी तो विमलाबाईंना घेऊन लोणीच्या पुढं जातो. पूर्वी तिथं थांबायला बिघाड लागायचा, आता लागत नाही. त्या सावलीत बसतात, तो उन्हात उभा राहतो.

सोनबा पुढच्या हिवाळ्यात वारला. त्याच्या सुना म्हणतात, आम्ही काही रस्त्यावर पाणी ठेवत नाही. तरी गाडी पोचते तेव्हा बुंध्यापाशी कॅन भरलेला असतो, आणि बाहेरून ओला. उत्तरेश्वर त्याबद्दल कुणाला विचारत नाही. इंजिनाचं विचारा, सगळं सांगेल.