सही दुसऱ्याची

आमच्या धायरीच्या सोसायटीत कुणाचा मुलगा कॉमर्सला गेला की बाप त्याला घेऊन माझ्याकडे येतो. "काका, याला अकाउंटंट व्हायचंय. जरा मार्गदर्शन करा." मी चौथी शिकलेला माणूस. पण माझा जन्म हिशोबात गेला, आणि मुलगी मोठ्या कंपनीत हिशोबाचंच काम करते असं त्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून येतात. मी मुलाला एकच विचारतो, "खात्याची डावी बाजू कशाची?" तो म्हणतो, "डेबिटची." मी म्हणतो, "बरोबर. आता तुझं तू बघ." बापलेक चहा पिऊन जातात. मला जे सांगायचं असतं ते एका चहात सांगून होत नाही.

माझी डावी बाजू वेगळी होती.

मी पुण्यात आलो तो मार्केट यार्डात एका भुसार पेढीवर पोती मोजायला. अक्षर बरं होतं म्हणून मालकांनी उचलून गादीवर बसवलं, दिवाणजींच्या शेजारी. दिवाणजी म्हणजे पेढीचे हिशोब लिहिणारे. फार म्हातारे होते आणि फार कमी बोलायचे. माझं काही चुकलं की नुसतं पान माझ्याकडे सरकवायचे. कुठे चुकलं ते सांगायचे नाहीत. "शोध," म्हणायचे. त्यांनी मला शिकवलं ते एवढंच: "त्यानं दिलं ते डावीकडे, जमा. त्यानं नेलं ते उजवीकडे, नावे. शाईनं लिहायचं, खोडायचं नाही. चुकलं तर उलटी नोंद करून सरळ करायचं." महिना संपला की तेरीज काढायची. सगळ्या खात्यांच्या बाक्या मांडायच्या आणि दोन्ही बाजू सारख्या येतात का ते बघायचं. तेरीज जुळली की दिवाणजी उपरणं झटकून उठत. नाही जुळली तर कुणी उठायचं नाही. मालकांनासुद्धा जेवायला घरी जायची लाज वाटायची.

म्हातारे दिवाणजी वारल्यावर लोक मला दिवाणजी म्हणायला लागले. घरीसुद्धा. बायको विचारायची, "दिवाणजी, दूध नासलं, कुठल्या बाजूला लिहू?"

वर्षातून एकदा सीए यायचे. गाडी दारात लागली की मालक गादीवरून उठून पायऱ्या उतरायचे. सीएसाहेब पानं चाळायचे, दोन प्रश्न विचारायचे, आणि उत्तर मालकांनी द्यावं म्हणून त्यांच्याकडे बघायचे. मालक माझ्याकडे बघायचे. मी उत्तर द्यायचो, साहेब मान मालकांकडे बघून हलवायचे. एकदा त्यांचं पेन चालेना, तेव्हा माझं दिलं. वर्षभराचं अक्षर माझं, पेनही माझं, आणि खाली सही त्यांची. मला राग आला नाही. शिकलेले होते, हक्क होता त्यांचा. पण त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, लिहिणारा मी आहे तो आहे, सही करणारं माणूस या घरात झालं पाहिजे.

मुलगी एकच. तिला मी ओट्याजवळ बसवून चिंचोक्यांवर हिशोब शिकवला. वाण्यानं दिलं ते डाव्या तळहातावर, वाण्यानं नेलं ते उजव्या. शाळेत पाढे पाठ व्हायच्या आत तिला जमा-नावे येत होतं. कौतुकानं मी पेढीवरसुद्धा सांगितलं.

अकरावीत कॉमर्स घेतलं आणि पहिल्याच चाचणीत तिला शून्य मिळालं. सगळ्या खात्यांच्या बाजू उलट्या. इंग्रजी पद्धतीत नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे असते, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बाईंनी तिला वर्गात उभं केलं. "कुणी शिकवलं हे?" ती म्हणाली, "आमच्या बाबांनी. ते दिवाणजी आहेत." वर्ग हसला.

घरी येऊन तिनं दप्तर कॉटवर टाकलं. "बाबा, तुमची डावी बाजू आमची उजवी आहे. हा भोपळा तुमच्या नावे लिहा!"

"माझ्या नावे कसा? भोपळा तू आणून दिलास. जमा कर."

ती रागात होती, तरी हसली. मग तिची आईही हसायला लागली. नंतर बरेच दिवस ती वहीच्या डाव्या समासात पेन्सिलीनं बारीक 'ना' लिहायची, नावे डावीकडे हे विसरू नये म्हणून. मी ते बघायचो. माझी पद्धत चूक नव्हती, एवढं मात्र आजही सांगतो. दोन्ही पद्धतींनी तेरीज जुळते.

बी.कॉम. झाली. लक्ष्मी रोडच्या मागं एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप केली. म्हणजे परीक्षा द्यायची, आणि ती देता देता त्यांच्याकडे उमेदवारी करायची. कंपन्यांत जाऊन ऑडिट करून यायची आणि जेवताना सांगायची. "बाबा, आज एका फॅक्टरीत स्टोअरकीपर मला मॅडम म्हणाला." सीएच्या शेवटच्या परीक्षेचे दोन ग्रुप असतात. पहिला निघाला. तेव्हाच आम्ही धायरीत फ्लॅट घेतला. रंगाऱ्याला मी सांगून ठेवलं, दाराच्या उजव्या अंगाला खिळा ठोकायचा नाही, तिथं मुलीच्या नावाची पाटी लागायची आहे.

दुसरा ग्रुप निघेना. एका पेपरात कमी पडलं की अख्खा ग्रुप परत. निकाल लागायचा त्या दिवशी ती एकटी जायची बघायला आणि येताना भाजी घेऊन यायची. पिशवी हातात दिसली की आम्ही काही विचारायचो नाही.

त्याच सुमाराला पेढीवर कॉम्प्युटर आला. मोठे मालक वारले होते, धाकट्या मालकांनी गादी काढून टेबलं टाकली. एक पोरगी यायची आणि बिलं टाइप करायची. मी तिला विचारलं, "तेरीज कधी काढता?"

"काढावी नाही लागत, काका. ती जुळलेलीच असते."

जुळलेलीच असते तर माणसानं करायचं काय? थोड्याच दिवसांनी धाकट्या मालकांनी खुर्ची पुढं केली. "दिवाणजी, आपण खूप केलंत. आता आराम करा. लक्ष्मीपूजनाला मात्र यायचं हां, नव्या वहीवर श्री तुमच्याच हातचा पाहिजे." वही कशाला, तिच्यात पुढं कोण लिहिणार आहे, असं विचारावंसं वाटलं. पेन खिशाला लावलं आणि निघालो. पूजेलाही कधी गेलो नाही.

घरी सांगितलं, "मीच सोडलं. त्या डबड्यासमोर कोण बसणार?" बायकोनं पानं घेतली. मुलगी पुस्तकातून वर बघत होती. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मी बाहेर पडायला लागलो.

मग एके दिवशी तिनं सांगितलं की खराडीला एका कंपनीत नोकरी घेतली आहे. परदेशातल्या दुकानांची बिलं इथं येतात, त्यांचा हिशोब इथं लिहायचा.

मी म्हटलं, "परक्या मुलखातली कीर्द लिहिणार तू? आणि खाली सही कोण करणार?"

"तिकडचं कुणीतरी करेल."

"मग एवढं शिकलीस कशाला?"

"तुम्ही आयुष्यभर दुसरं काय केलंत, बाबा?"

"मला शिक्षण नव्हतं. तुला आहे."

"आहे ना. पण घरात पगार कुणाचा येतोय आत्ता?"

बायको म्हणाली, "पुरे दोघांचं." मी पायात चपला घातल्या आणि कॅनॉलपर्यंत चालून आलो. तिनं परीक्षेला आणखी एकदा बसायला हवं होतं, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे. एक वेळ जेवलो असतो. मी तसं बोलूनही दाखवलं. पण पहिल्या पगारात तिनं आईला कुकर घेतला, आणि त्या कुकरच्या शिट्टीपुढं माझं कोण ऐकणार?

परीक्षेचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. ती पुढं चढत गेली. हाताखाली माणसं आली. लग्न झालं, वाघोलीला घर झालं. बायको गेली. रविवारी मुलीचा फोन यायचा, "जेवलात का," "गोळ्या घेतल्या का," आणि ठेवायची. दिवाळीला यायची तेव्हा दाराशी चपला काढताना उजवीकडच्या भिंतीकडे बघायची नाही. तिथं अजून खिळा नाही.

परवा जावयांचा फोन आला. आवाज दबका. "बाबा, तिचं काम गेलं. महिना झाला. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली आहे, पण ती दिवसभर नुसती बसून असते."

मी स्वारगेटला बस बदलून वाघोलीला गेलो. पूर्वी एवढ्या वेळात माणूस साताऱ्याला पोचायचा. तिनं दार उघडलं, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दिवाणजी, फोन तरी करायचा." कानशिलावरचे केस पांढरे झालेले. मला ते दिवाळीत दिसले नव्हते.

चहा झाला. बिस्किटं झाली. शेवटी तीच म्हणाली, "आता बिलाचा फोटो काढला की मशीनच नोंद करतं, बाबा. डावं काय, उजवं काय, कुणाला विचारावंच लागत नाही."

"आणि जुळतं?"

"जुळलेलंच असतं."

ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. तिला ते सांगितलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात तिच्या आईचा कुकर होता, कडा चेपलेला. तिकडे बघत मी म्हटलं, "दुसरा ग्रुप राहिलाय तुझा."

ती जोरात हसली. मग तोंडावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. हात काढून म्हणाली, "कोर्स कितीदा बदलला त्यानंतर, बाबा. माझा तो पहिला ग्रुप आता कोण विचारणार? पहिल्यापासून बसू का, या वयात?"

मी म्हणणार होतो, बस. जिभेवर आलं होतं. पण डाव्या समासातला तो बारीक 'ना' आठवला आणि मी कपाची बशी पुसत राहिलो.

ती मला स्टॉपपर्यंत सोडायला आली. जाताना तिनं माझा दंड धरला. रस्ता खणलेला होता. स्टॉपवर बसायला जागा नव्हती, आम्ही उभेच होतो. ती म्हणाली, "बाबा, पेढीवरून तुम्हाला काढलं, तेव्हा तुम्ही रोज दुपारी कुठं जात होतात?"

"काढलं नव्हतं. मीच सोडलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या आईचे डोळे, आणि हनुवटी माझी. बस लांबून येताना दिसायला लागली होती.

"हो," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर माझंही तेच सांगा. मीच सोडलं."