पांदण बोंबलत नाही

नोकरीभर मी लोकांची शेतं मोजली. साखळी ताणायची, हद्दीचे दगड हुडकायचे, दोन सख्ख्या भावांचं भांडण संपेपर्यंत उन्हात उभं राहायचं आणि शेवटी दोघांच्याही शिव्या खायच्या. सायकलचा नाद मला या नोकरीनंच लावला. गावनकाशावर शिवारातल्या गाडीवाटा दुहेरी तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. आमच्याकडे त्यांना पांदण म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्या सगळ्या रेघा मी एका दोनशेपानी वहीत उतरवून घेतल्या आणि त्यांवरून सफरी आखल्या. कुठल्या गावात पायऱ्यांची विहीर आहे, कुठे जुनी वेस अजून उभी आहे, कुठे चहा बरा मिळतो, सगळं त्या वहीत आहे. "पेन्शनीत पेट्रोल पुरत नाई काय, सायब?" असं लोक चिडवायचे. रिकामटेकड्यांशी वाद घालण्याइतका मी रिकामा नव्हतो.

सोबत असायचा अकोल्याकडच्या मालेगावचा सायकल मिस्त्री. त्याचा बापही हेच काम करायचा. तो दर बाजाराला हत्यारांची पेटी हँडलला अडकवून रिठदहून पांदणीनं शिरपूरला जायचा आणि पोराला मागे कॅरिअरवर बसवायचा. मिस्त्री सायकल शिकला तो त्याच पांदणीवर, बापाला मागे बसवून. हे तो मला दर रविवारी सांगायचा आणि दर रविवारी बापाचं वजन थोडं वाढायचं. माणूस मात्र लाखात एक. पंक्चर काढताना बोलायचा नाही आणि बोलताना पंक्चर काढायचा नाही, एवढाच दोष.

मग त्याचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेनं गेले. काचबिंदू. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, राहिलंय तेही किती दिवस ते सांगता येत नाही. त्याला फक्त समोरचं दिसायचं, पाइपातून पाहिल्यासारखं. बाजूनं ट्रक आला की हॉर्न वाजेपर्यंत पत्ता नसायचा. हायवेवर सायकल बंद झाली. दुकानात बसून तो चाकाच्या तारा बोटांनी चाचपत राहायचा आणि मी उगाच स्टुलावर बसून असायचो.

एक दिवस तो म्हणाला, "मले एक डाव शिरपूरले ने, भाऊ. रिठदच्या पांदणीनं. दिसते तवर."

"नेतो," मी म्हणालो. "वहीत हाये ना ती वाट."

ती वाट मी स्वतः कधीच फिरून पाहिली नव्हती. दुसऱ्याच्या बांधावर दहादा जाऊन खात्री करणारा मी, या वाटेबाबत नकाशावर विसंबलो. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. ती वाट आमच्या वावराजवळून जाते.

तुरी फुलावर असताना आम्ही निघालो. दोन्ही सायकली टेम्पोत टाकून रिठदपर्यंत नेल्या. माझ्या कॅरिअरला मी लाल फडकं बांधलं, म्हणजे समोरचं तेवढंच धरून त्याला मागे येता येईल. पांदण सुरुवातीला चांगली होती. दोन्हीकडे बाभळी, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या. नाल्याच्या फरशीवर, म्हणजे बुटक्या दगडी पुलावर, त्यानं मला थांबवलं, खाली उतरून दगडावर हात फिरवला आणि हसत सांगितलं, "इथं बापाले पाडलं होतं मी. पेटी पाण्यात गेली. मार खाल्ला तो वेगळा." पुढे दोन मैल तो मागे गुणगुणत होता. इतका खूश मी त्याला वर्षात पाहिला नव्हता, आणि आमचं वावर जवळ येत होतं.

वळणावर पांदण संपली. समोर तूर होती, डोक्याइतकी, पिवळीजर्द. या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसती तूर.

आमच्या भागात पांदणीलगतचं वावर असलं की दरसाल नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्तीचं घ्यायचं, अशी रीत आहे. एकच तास, जास्त नाही. शेजाऱ्याचा बांध कोरला तर कुऱ्हाडी निघतात. पांदण कोणाच्या बापाची नसते. मजुरी करून दोन एकर घेतलेला माझा बाप म्हणायचा, "घे एक तास. पांदण बोंबलत नाई." नोकरी लागेपर्यंत नांगर मीच धरला, म्हणजे ते तासही मीच घेतलं. पुढे वावर बटईनं, पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलं. बटईदारानं रीत मोडली नाही. लोकांच्या हद्दी काढत मी जिल्हा पालथा घातला आणि स्वतःच्या वावरात कधी साखळी टाकली नाही. टाकली असती तर काय निघालं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

"काहून थांबला?" मिस्त्रीनं विचारलं.

"वाट नाई पुढं. तूर पेरली."

"कोनाचं वावर हाये?"

"असन कोनाचं तरी," मी म्हणालो.

तेवढ्यात पलीकडून बटईदाराचा आवाज आला, "जय भीम सायब! यंदा तूर पाहा आपली!" मी घाईघाईनं जय भीम केला आणि मोठ्यानं मिस्त्रीला म्हणालो, "चाल, उचलून नेऊ सायकली." त्यानं ऐकलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. डोळे गेलेल्या माणसाचे कान कसे असतात, हे मला कळायला पाहिजे होतं.

सायकली खांद्यावर घेऊन आम्ही तुरीत शिरलो. दहा-बारा पावलांत तो अडखळून पडला. तुरीचं खोड गालाला लागलं, डोळ्याच्या अगदी खाली. मी रक्त पुसलं. तो म्हणाला, "जाऊ दे भाऊ. फिर वापस." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तूर निघाल्यावर मी वावरात साखळी टाकली. आमच्या वावरात गेलेली पांदणीची पट्टी मोजून बाजूला काढली आणि बटईदाराला दम भरला की इथे नांगर लागता कामा नये. आठवड्याच्या आत पलीकडच्या शेतकऱ्यानं माझ्या नव्या बांधापर्यंत तारेचं कुंपण आणलं. रोही, म्हणजे नीलगायी, येतात म्हणून त्याला झटका मशीन जोडलं. मी भांडायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "सायब, तुमच्या घरानं चाळीस वर्सं खाल्ली. आमी आठ दिवस खाल्ली त बोंबलता कायले?"

मी परत फिरलो. अर्ज करता येतो, तो मी केला. मोजणीला लोक येतील, पंचनामा होईल, तारखा पडतील. या कामाला किती वर्षं लागतात हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

उन्हाळा लागेपर्यंत मिस्त्रीला समोरचंही दिसेनासं झालं. परवा सकाळी दुकानात गेलो तर त्यानं स्वतःची सायकल स्टँडवर चढवलेली होती, मागचं चाक अधांतरी. चाचपत तो सीटवर बसला. म्हणाला, "बोल. तू वाट सांग, मी चालवतो. शिरपूरले जाऊ."

मी वही उघडली नाही, तिची गरज नव्हती. सांगू लागलो. रिठदची शाळा गेली. बाभळी लागल्या. उतार आला, ब्रेक धर. त्यानं खरंच ब्रेक धरला. नाल्याची फरशी आली तसा तो हसला. चाक भरभर फिरत होतं. वाटलं, असंच बोलत राहावं, शिरपूर येईल, देवळाचं शिखर दिसेल, बाजार लागेल, त्याला पाहिजे ते सगळं देता येईल. तोंडानं द्यायला काय जातं?

वळण आलं आणि मी सांगायचं थांबलो.

त्यानं पॅडल थांबवलं. चाक आपल्या गतीनं फिरत फिरत थांबलं.

"तुह्यं वावर आलं काय?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मंग उतरा लागते," असं म्हणून तो सायकलवरून उतरला आणि माझ्या खांद्यासाठी हात पुढे करून चाचपू लागला.