एका बोटानं अडलेली गाडी

मला सेडान आवडते. आहे माझी आवड, तुमचं काय जातं? पण नाही. नंदुरबारात गेली काही वर्षं जो तो मला अक्कल शिकवायला टपलेला. "भाऊ, सेडान कोण घेतं हो आता? उंच गाडी घ्या, उंच!" हे सांगणारा माणूस स्वतः घरापासून डेअरीपर्यंत जातो, तोही डांबरी रस्त्यानं, आणि गाडी अशी घेतलीय की त्याची बायको आत चढताना दोन्ही हातांनी दार धरते. माझं डोकंच फिरतं. सेडान कशी असते? बसकी, लांब, पोट जमिनीला धरून वळणारी. ज्यानं ती एकदा तापीच्या पुलावरून सकाळच्या गार हवेत चालवलीय, त्याला पुन्हा ट्रॅक्टरवर बसल्यासारखं वरून जग बघावंसं वाटणार नाही.

माझी स्वतःची सेडान पंधरा वर्षांची. चंदेरी रंगाची. अजून नव्यासारखी दिसते, कारण मी तिला तशी ठेवली. रविवारी धुवायची, सावलीत पुसायची, वर जाड कापडाचं आच्छादन घालायचं. आत कुणी काही खायचं नाही. दाराचा दांडा उघड्या हातानं धरायचा नाही, बोटांचे डाग पडतात. मी स्वतः फडक्यानं दार उघडून माणसाला आत बसवायचो. बायको म्हणायची, "मी आपली रिक्षानं जाते बाजारात. तुमची गाडी मळेल." ती टोमणा मारायची आणि मला तो कौतुकासारखा वाटायचा. असा मी.

कचेरी सुटली की मी एका मिस्त्रीच्या गॅरेजवर जाऊन बसायचो. तिथे आम्ही तिघंच सेडानचे वेडे. एक मी, सरकारी कारकून. दुसरा तो मिस्त्री, ज्याला इंजिनाचा आवाज फोनवर ऐकवला तरी दुखणं कळतं. आणि तिसरे सर. सर धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यातले पावरा आदिवासी; आमच्याकडे सपाटीवर आश्रमशाळेत शिकवायचे. दर पंधरा दिवसांनी शनिवारी जीपगाडीत दाटीवाटीनं बसून घाट चढायचे आणि आईला भेटून यायचे. माणूस कमी बोलणारा. पण गाड्यांचा विषय निघाला की असं काही विचारायचे की मिस्त्री पाना खाली ठेवून विचार करत बसायचा.

त्या वर्षी एक नवी मध्यम आकाराची सेडान येणार अशी बातमी होती. दिल्लीच्या वाहनमेळ्यात पहिल्यांदा दाखवणार. कुठल्या तरी महामार्गावर चाचणी करताना कुणीतरी तिचे चोरून फोटो काढलेले. सगळ्या अंगावर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्या चिकटवलेल्या, आकार कळू नये म्हणून. आम्ही तेच फोटो मोठे करकरून बघायचो. मागचा दिवा असा असेल, छत इथून उतरेल. मिस्त्री म्हणायचा, "भाऊ, हाई गाडी येवू द्या, मंग देखा. सगळा उंचवाला तोंड लपाडतीन!"

मी आणि मिस्त्री हौसेनं वाट बघत होतो. सरांचं तसं नव्हतं. त्यांना ती गाडी हवी होती, आणि आईसाठी हवी होती.

त्यांच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रियेसाठी तिला नंदुरबारला आणायचं होतं आणि ती खाली यायला तयार नव्हती. गुडघे वाकत नव्हते. आदल्या वर्षी एकदा आणायचा प्रयत्न केला, तर जीपची पायरी तिला चढवेना. दोघा अनोळखी माणसांनी काखेत हात घालून तिला पोत्यासारखी वर टाकली आणि आतले लोक हसले. म्हातारी तिथेच उतरली आणि घरी गेली. मोटरसायकलवर तोल राहत नव्हता. भाड्याचे छोटे गाडीवाले धडगावच्या पुढे यायला तयार नव्हते. पाड्यातली माणसं म्हणाली, झोळी करून धडगावपर्यंत नेऊ. तर तिनं सरांना ऐकवलं, "झोळीत बाळंतीण जाते, नाही तर मरणारा जातो. मी दोन्ही नाही."

म्हणजे गाडी अशी हवी की म्हातारीनं खाटेवर बसावं तसं सीटवर बसायचं आणि पाय आत घ्यायचे. उंच गाडी नकोच. पण पाड्याकडे जाताना सिमेंटचा रस्ता जिथे संपतो तिथे एक उंचवटा आहे, दगड आणि सिमेंटचा, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्याच्यावरून पोट न घासता गेली पाहिजे. खाली बसकी आणि पोटाखाली मोकळी. आता सांगा, आहे की नाही पेच?

सरांनी तो उंचवटा हातानं मोजून आणला. एक वीत, त्यातून दोन बोटं वजा. मिस्त्रीनं त्या मापाचा सागाचा ठोकळा कापला. घरी आईच्या खाटेची उंची दोरीनं मापून सरांनी दोरीला गाठ मारली. झालं. त्या दिवसापासून गॅरेजवर येणारी प्रत्येक गाडी आमच्या हाताखालून गेली. पोटाखाली ठोकळा सरकवायचा, दार उघडून सीटला दोरी लावायची. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय चाललंय? मिस्त्री गंभीर तोंड करून सांगायचा, "तपासणी शे."

उंच गाड्या ठोकळ्याला पास, दोरीला नापास. छोट्या गाड्या दोरीला बऱ्या, ठोकळ्याला नापास. एके दिवशी माझी गाडी मापली. दोरीची गाठ सीटच्या कडेला तंतोतंत बसली, केसाचा फरक नाही. सर पहिल्यांदा मोठ्यानं हसले. मग ठोकळा सरकवला आणि तो अडला. एका बोटानं. मिस्त्री पालथा पडून बघत म्हणाला, "एक बोट. थोडी घासाई जाई, बस."

"घासाई जाई म्हणजे?" मी उसळलो. "खालचा पत्रा कोण देणार मला? पंधरा वर्षांत एक ओरखडा नाही तिला!"

"अहो नाही, तुमची गाडी कशाला," सर लगेच म्हणाले. "मी नवी घेतोच आहे ना." आणि दोरी गुंडाळून खिशात ठेवली. विषय संपला. माझ्यापुरता तर संपलाच.

नव्या गाडीची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. आज येणार, उद्या येणार करत वर्ष लोटलं. ती जमिनीपासून किती उंच, हे कंपनी सांगेना. शेवटी मेळा लागला तेव्हा मीच म्हणालो, चला, स्वतः मापून येऊ. मिस्त्रीला गॅरेज सोडवेना. मी आणि सर सुरतेला गेलो आणि तिथून दिल्लीची गाडी पकडली. पिशवीत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि सागाचा ठोकळा.

दारातच ठोकळा धरला. पहारेकरी म्हणतो, "ये क्या है?" मी म्हणालो, "गाडी मापने का है." तो दुसऱ्याला दाखवून हसला. लाकूड आत नेता येत नाही म्हणाला आणि लोकांच्या अर्ध्या पाण्याच्या बाटल्या पडल्या होत्या त्या पिंपात टाकला. वर्षभर मापलं होतं आम्ही त्यानं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भांडलो, आमच्या खानदेशी हिंदीत जेवढं भांडता येतं तेवढं भांडलो. सर माझा दंड धरून म्हणत राहिले, "भाऊ, राहू द्या. दोरी आहे."

आत दिव्यांचा लखलखाट, ढोल, धूर. पडदा सरकला आणि गाडी दिसली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. काय देखणी होती! पण ठेवली कुठे, तर कमरेइतक्या उंच फिरत्या चकतीवर. भोवती जाड मखमली दोर. काचा काळ्या, दारं बंद. अरे, जमिनीवर न टेकलेली गाडी जमिनीपासून किती उंच आहे हे माणसानं कसं ओळखायचं? लग्नासाठी मुलगी दाखवतात तीसुद्धा चालून दाखवते!

सुटातला एक माणूस उभा होता. सरांनी त्याला अदबीनं विचारलं, पोटाखाली जागा किती? तो इंग्रजीत म्हणाला, ते गाडी बाजारात येईल तेव्हा कळेल. मग सीट किती उंच? तेही नंतर. सरांनी खिशातून दोरी काढली. म्हणाले, एकदा दार उघडा, मी फक्त दोरी लावतो, आईसाठी हवंय. त्या माणसानं दोरीकडे असं पाहिलं की जणू सरांनी साप काढलाय. सर तरीही मखमली दोरावरून वाकले आणि त्यांची बोटं दाराच्या दांड्याला लागली, तेवढ्यात त्यानं त्यांचं मनगट धरून मागे झटकलं. "हात नहीं लगाना!"

मी किती ओरडलो ते आता आठवत नाही. माणसांनी फोन वर करून माझं चित्रीकरण केलं एवढं आठवतं. "माणूस आहे तो! मास्तर आहे! घ्यायला आलाय गाडी, भीक मागायला नाही! हात लावल्यानं गाडी बाटते का रे तुझी?" दोन पहारेकऱ्यांनी आम्हाला बाहेर आणून सोडलं. गाडीवर पाणी सोडून आम्ही स्टेशनला आलो.

परतीच्या गाडीत कोट्यापर्यंत माझं तोंड बंद झालं नव्हतं. समोरच्या बाकावरच्या मारवाडी कुटुंबाला मी सगळी हकिगत दोनदा सांगितली. "गाडी वापरायला असते की पूजेला? दाराला हात लावू देत नाहीत! कसली ही मस्ती?"

सर खिडकीशी बसून मनगट चोळत होते. ते म्हणाले, "भाऊ, एवढं मनाला लावून घेऊ नका. मला सवय आहे."

"कसली सवय?"

"तुमच्या गाडीचं दार मी पाच वर्षांत एकदाही स्वतःच्या हातानं उघडलेलं नाही. वाईट नाही वाटत त्याचं. ज्याची गाडी, त्याची रीत."

टोमणा असता तर मी भांडलो असतो. पण टोमणा नव्हता. पाढा सांगावा तसं ते सहज बोलले आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. मी तो परत पिशवीत टाकला. आधी मला त्यांचाच राग आला. मी एवढा तुमच्या बाजूनं ओरडलो आणि तुम्ही मलाच त्या सुटवाल्याच्या रांगेत बसवता? सुरत येईपर्यंत मी वरच्या बाकावर पाठ करून पडून राहिलो. मग हळूहळू राग फिरला आणि माझ्याच मानगुटीवर बसला. ठोकळा एका बोटानं अडला होता, हो. पण दोरी बसली होती. आणि सबंध वर्षात माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं की सर, घासली तर घासली, चला.

पुढच्या शनिवारी मी आच्छादन काढलं आणि सरांच्या दारात गाडी उभी केली. ते नाही नाही म्हणत होते. "आता बसा गुपचूप," मी खेकसलो. शहादा गेलं, घाट गेला, धडगाव गेलं. उंचवट्यावर पोटाखालून जो आवाज आला तो माझ्या दातांत शिरला. दोन चाकं उतरली, पुन्हा एकदा तोच आवाज. मी थांबलो नाही.

म्हातारी अंगणात उभी होती. तिला गाडी नीट दिसत नव्हती. तिनं बोनेटपासून चाचपत चाचपत दार शोधलं, सगळीकडे तळहात फिरवला, हाताला राख होती ती चंदेरी रंगावर उमटत गेली. दांडा सापडला. तिनं दार उघडलं, पाठ वळवून सीटवर बसली आणि दोन्ही पाय हातानं उचलून आत घेतले. पावरीत काहीतरी बोलली. सर म्हणाले, "आई म्हणते, खाटच आहे." येताना उंचवट्यावर गाडी पुन्हा करकरली तेव्हा तिनं दचकून विचारलं, काय मोडलं? सर म्हणाले, काही नाही.

सोमवारी नंदुरबारला डोळ्यांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. म्हणाले, उजवा डोळा करू, चांगलं दिसेल. डावा मात्र गेला. मोतीबिंदू फार पिकला, आत दाब वाढला, आता त्याला काही करता येणार नाही.

"वर्षभर आधी आणलं असतं तर तोही वाचला असता," डॉक्टर म्हणाले आणि जरा चिडूनच त्यांनी सरांकडे पाहिलं. "शिकलेले आहात ना तुम्ही? का नाही आणलं?"

सर माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

"गाडी नव्हती," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. किल्ली माझ्या हातात होती.