बटणाची जागा

चकाचकचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. गल्लीत लहानथोर सगळे त्याला चकाचकच म्हणत. गिऱ्हाइकाने काउंटरवर कपडा टाकला, डाग दाखवला, की तो डोळे मिटून एकच शब्द बोलायचा, "चकाचक!" मग ती शाई असो, वंगण असो, नाहीतर सासऱ्याच्या नव्या सदऱ्यावर जावयाने सांडलेली कॉफी असो. धंदा वडिलांपासूनचा. पुढे लाँड्री, मागे घर आणि मध्ये एक पडदा. तो पडदासुद्धा इतका पांढरा की पाहुणे त्याला हात लावायला बिचकत.

स्वच्छतेचं त्याला वेड होतं. वेड म्हणजे किती? बायकोने चहाचा कप खाली ठेवायचा अवकाश, की कप धुऊन पालथा. बिचारी कितीदा तरी अर्धा चहा शोधत घरभर फिरायची. लेक लहान असताना तिची चिंध्यांची बाहुली त्याने इतक्या वेळा धुतली की बाहुलीचे नाक-डोळे पुसून गेले आणि पोरीने तिला जवळ घ्यायचंच सोडलं. "पण स्वच्छ होती की नाही?" हे तो अजूनही विचारतो.

तर अशा गृहस्थाच्या घरात मांजराचं पिल्लू आलं. आणणार कोण? एका लॉजकडून चादरींचं गाठोडं आलं होतं, बायकोने गाठ सोडली आणि आतून एक राखाडी डोकं वर आलं. डोळे कोटाच्या बटणांसारखे गोल, म्हणून नाव पडलं बटण. लॉजवाल्याने कानावर हात ठेवले. चकाचक गरजला, "उद्याच्या उद्या बाहेर काढायचं हे!" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बाजारात जाऊन मासळी घेऊन आला. "स्वस्त मिळाली म्हणून आणली," असंही वर म्हणाला, कोणी काही विचारलं नसताना.

त्यामागचं कारण वेगळंच होतं. लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि बायको तिच्याकडे जायची होती. लेक राहते लांब, त्यामुळे चांगले तीन-चार महिने तरी परत येणं नाही. "मला काय, उलट निवांत," असं चकाचक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला होता. पण लग्न झाल्यापासून हा माणूस कधी एकटा जेवलेला नव्हता. पडद्यामागचं घर रिकामं होणार या विचाराने तो रात्री उठून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायचा. बटण आल्यापासून हे रात्रीचं धुणं जरा कमी झालं होतं, इतकंच. कबूल करेल तर शपथ.

पण बटणाची एक भानगड होती. ते शी-शू वाळूच्या ट्रेमध्ये करत नसे.

तसं पहिल्या दिवशी केलं होतं बरं का! वाळू उकरली, काम उरकलं, नीट झाकलं, शहाण्यासारखं बाहेर आलं. बायको कौतुकाने "अगं बाई!" म्हणते न म्हणते तोच चकाचकने ट्रे उचलला. होती नव्हती ती वाळू फेकली, ट्रे ब्लीचने घासला, उकळत्या पाण्याने विसळला, उन्हात वाळवला, नवी वाळू भरली आणि वर कपड्यांवर मारतात तो सुवासिक फवारा मारला. मग ट्रे धुलाईयंत्राच्या शेजारी परत ठेवला. धुलाईचा सगळा कारभार एका जागी असावा, हा त्याचा नियम. बटण पुन्हा आलं, त्याने वास घेतला, एक शिंक दिली. तेवढ्यात यंत्र पिळायला लागून घडघडलं आणि पिल्लू शेपटी फुगवून पळालं. ते गेलं थेट मळक्या कपड्यांच्या टोपलीत, आणि पुढचं सगळं तिथे झालं.

नंतर तोच रिवाज पडला. चकाचकने समजावून पाहिलं, डोळे वटारून पाहिलं. बटणाला ट्रेमध्ये बसवून, त्याचा पुढचा पंजा हातात धरून वाळू कशी उकरायची तेही दाखवलं. बायको पडद्याआड तोंडाला पदर लावून हसत होती. पिल्लू जितकं चुकायचं, तितका हा ट्रे जास्त घासायचा. शेवटी ट्रे एवढा लखलखायला लागला की त्यात तोंड दिसावं.

आणि मग वकीलसाहेबांच्या कोटाचं प्रकरण झालं. कोट नुसत्या इस्त्रीला आला होता आणि चुकून टोपलीत पडला होता. नेमकी त्या दिवशी चकाचकला सर्दी. त्याने कडक इस्त्री मारून कोट पोचता केला. संध्याकाळी वकीलसाहेब स्वतः दुकानात हजर.

"अहो चकाचक, मी उलटतपासणी घेत होतो आणि साक्षीदार नाकाला रुमाल लावून उत्तरं देत होता. न्यायाधीशांनी खिडक्या उघडायला लावल्या. केस मी जिंकलो, पण ती कशामुळे जिंकलो हे मला कळायला नको का?"

चकाचकचं तोंड एवढंसं झालं. वडिलांच्या काळापासून दुकानाला असं कोणी बोललं नव्हतं.

वकीलसाहेब गेल्यावर बायको पडदा सारून बाहेर आली. "हे बघा, मी निघेपर्यंत हे शिकलं तर ठीक. नाहीतर जायच्या दिवशी गोदामवाला येऊन त्याला घेऊन जाईल, मी बोलून ठेवते. त्याला उंदरांसाठी मांजर हवंच आहे. मला काय ते आवडत नाही का? पण मी तिकडे आणि इकडे तुमचा धंदा बसलाय, असं मला नाही चालायचं."

"दे की! मी कुठे अडवतोय?" चकाचक म्हणाला. आणि त्या दिवशी त्याने शिंप्याची पॅंट न्हाव्याला दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून तो गुपचूप जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेला. शर्टाच्या खोक्यात बटण आणि बगलेत ट्रे. डॉक्टरबाईंनी पिल्लू तपासलं, पोट दाबून पाहिलं, लघवीची तपासणी केली. आजार काही नव्हता.

"ट्रे नवीन घेतलात वाटतं?" त्यांनी विचारलं.

"छे हो, पिल्लू आलं तेव्हापासून वापरात आहे," चकाचक छाती काढून म्हणाला.

"कोण वापरतंय?"

चकाचकची छाती पुन्हा जागेवर आली.

डॉक्टरबाईंनी ट्रे नाकाशी नेला आणि झटकन लांब केला. "अहो, याला ब्लीचचा वास आहे, अत्तराचा आहे, सगळ्या जगाचा आहे. त्याचा स्वतःचा तेवढा नाही. जिथे आपला वास येतो ती आपली जागा, एवढंच मांजराला कळतं. तुम्ही रोज त्याची जागा पुसून टाकताय. त्याने ओळखायची कशी? बरं, मला सांगा, तुमच्या दुकानात कधीच न धुतलेली अशी एखादी वस्तू आहे का?"

"माझ्या दुकानात?" चकाचक ताडकन उभा राहिला. "बाई, माझ्या दुकानात कुलूपसुद्धा धुतलेलं..."

आणि तो मध्येच थांबला. टोपली! वडिलांच्या वेळची वेताची टोपली, आत गोणपाटाचं अस्तर. मळके कपडेच टाकायचे तिच्यात, मग ती कशाला धुवायची? पिल्लाने घाण केली तरी त्याने धुतले ते आतले कपडेच. एवढ्या वर्षांत ना वडिलांना ते सुचलं होतं, ना त्याला. अख्ख्या दुकानात पिल्लाला ओळखीची वाटावी अशी एकच जागा उरली होती आणि ती नेमकी तीच होती. चकाचकला इतकी लाज वाटली की त्याने बटणाकडे बघायचं टाळलं.

घरी येऊन त्याने टोपली धुतली. पाणी असं निघालं की बायकोला ते बघू दिलं नाही. अस्तराचा एक तुकडा मात्र न धुता कापून ट्रेमध्ये ठेवला. ट्रे यंत्रापासून हलवून माजघराच्या दारामागे, शांत कोपऱ्यात नेला. आता नियम एकच, घाणीचे गोळे तेवढे काढायचे, बाकीची वाळू तशीच राहू द्यायची. सांगायला सोपं आहे! आयुष्यभर दुसऱ्यांचे डाग काढलेल्या माणसाला तो मळका तुकडा घरात राहू द्यायचा म्हणजे काय यातना होत असतील. तो दारामागे जायचा, हात मागे बांधून उभा राहायचा आणि तसाच परत यायचा. बटण ट्रेपर्यंत जायचं, हुंगायचं आणि परत फिरायचं. अंगणातल्या मातीत जाऊन काम उरकायचं.

निघायचा दिवस उजाडला. बायकोच्या बॅगा दारात आल्या. गाडी यायची होती आणि गोदामवाला तर पोतं घेऊन पायरीवर बसलाच होता. चकाचक काउंटरवर एकच रुमाल पुन्हा पुन्हा इस्त्री करत होता.

बटण जागं झालं, आळस देऊन टोपलीकडे निघालं. पिल्लाने टोपली हुंगली, पुन्हा हुंगली. तिच्यात आपलं काही नाही हे त्याला कळलं असावं. ते वळलं, दारामागे गेलं, आणि वाळू उकरल्याचा आवाज आला, खर्रर्र खर्रर्र. काम झालं, नीट झाकलं गेलं आणि स्वारी बाहेर आली.

"बस बाबा, आता उंदीर तूच धर," चकाचक गोदामवाल्याला म्हणाला.

बायको दारामागे डोकावली. "अहो, धुवत नाही तुम्ही?"

"राहू दे थोडं."

तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग ती हसली आणि डोळे पुसून गाडीत बसली.

घर रिकामं झालं ते झालंच. चकाचक आत आला तर खुंटीवर तिची रोजची शाल राहिलेली. सवयीने त्याने ती काढली, बादलीत साबणाचं पाणी केलं आणि शाल बुडवायला हात खाली नेला. फोडणीचा, तिच्या केसांच्या तेलाचा, तिचा असा वास नाकात शिरला. हात पाण्याच्या वर तसाच थांबला. बटण येऊन पायाशी बसलं होतं आणि मान वर करून शालीकडे बघत होतं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. पोचले, लेक बरी आहे, तुम्ही जेवलात का, हे सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आणि हो, माझी शाल खुंटीवरच राहिली बघा. तुम्ही धुतलीही असेल एव्हाना."

चकाचक खुर्चीत बसला होता. शाल मांडीवर होती आणि शालीत बटण झोपलं होतं. त्याने डोळे मिटले.

"चकाचक!" तो म्हणाला.

आणि शालीचं टोक हळूच नाकाशी नेलं.