ओल्या सिमेंटातला कोलम

आमच्या पंचायतीच्या रस्त्यावर माझी सही आहे. मला सही येत नाही, ते सोडा. काल पार्कातल्या नव्या वाटेला सिमेंट घालत होते, त्या वासाने आठवलं. आमचा रस्ता अगदी उंबऱ्यापर्यंत झाला तेव्हा पंचायतीची ऑटो भोंग्यावर ओरडत फिरली, "उद्यापर्यंत कोणी पाय ठेवू नका!" बायकोचे गुडघे दुखायचे, तरी रोज पहाटे वाकून दारात कोलम घालायची, आपली ठिपक्यांची रांगोळी. मला वाटलं, ओल्या सिमेंटात एकदाच काढून ठेवला की तिचं वाकणं कायमचं संपलं. पाय नको म्हणाले, बोटाला कोण नको म्हणालं? उंबऱ्यावर पालथा पडून हंस काढायला गेलो, झालं वांगं. सकाळी बघतो तर दगडासारखं घट्ट. शेजारीण म्हणाली, "ऐयो, इथे कोण पडलं?" बायको कोलमच्या पिठाचा डबा घेऊन वाकली. अजून वाकते. मी बाजूला कॉफी पीत मजेत बघतो. आज म्हटलं, "पार्कातही एक काढू का?" तर म्हणते, "पूर्वी पाच ठिपक्यांत भागायचं, आता तुमचं वांगं झाकायला एकवीस लागतात. हात मांडीखाली घालून गप बसा."