मी त्याच्या तारा बदलल्या

बेस गिटारबद्दल काही विचारायचं असलं की जळगावातले वाजवणारे अजून माझ्या दुकानात येतात. दुकान खरं तर मोटार रिवाइंडिंगचं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी त्यांच्यातली तांब्याची तार काढून नवी भरतो. गिटारच्या पिकअपमध्येही लोहचुंबकाभोवती तांब्याचीच तार असते, म्हणून लोकांना वाटतं याला दोन्हीतलं कळतं. आणि मला कळतंही, उगाच नम्रपणा कशाला.

मी सांगतो की वजनदार गिटार म्हणजे चांगली गिटार असं नसतं, दोन तासांनी खांदा काय म्हणतो ते बघा. मान डोळ्यासमोर धरून सुतार फळी बघतो तशी बघा, वाकलेली असेल तर कितीही चकाकत असली तरी घेऊ नका. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, आमच्या उन्हात लोखंड तापतं तिथे लाकडाचं काय. मांडवात गेल्यावर आधी अर्थिंग विचारा, नाहीतर बेस गुणगुणतो आणि माइकला ओठ लागले की झटका बसतो. वायर स्वतःची न्या, मांडववाल्याची वायर पिनेपाशी तुटलेलीच असते. आणि बसायचं ते ढोलकीच्या जाड आवाजाच्या बाजूला. ढोलकीवाल्याचा तो हात दिसला नाही तर आपण वाजवतो ते त्याच्या अंगावर पडतं.

हे सगळं मी खरं सांगतो. फक्त एका माणसाला मी जाणूनबुजून चुकीचं सांगितलं.

आमचा भीमगीतांचा संच धुळ्याचा. अक्का त्याच्या प्रमुख. वय साठीच्या पुढे, पण आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला फरक कळत नाही. विहारासमोर, गावच्या चौकात, लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला, असे आमचे कार्यक्रम. चौदा एप्रिलच्या जयंतीपासून पुढचे दोन महिने तर श्वास घ्यायला वेळ नसतो. अक्कांच्या डावीकडे ढोलकी आणि ढोलकीच्या शेजारी मी, ही अठरा वर्षांची मांडणी. मला या जगात दुसरी कुठली मानाची जागा नाही. दुकानात मी काळ्या हातांचा मिस्तरी. त्या खुर्चीत मात्र धुतलेला पांढरा शर्ट घालून बसतो.

अडचण एकच. कार्यक्रमांचा हंगाम आणि मोटारी जळायचा हंगाम एकच. त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्याकडे मोटारींची रांग लागली आणि मला चार तारखा सोडाव्या लागल्या. अक्कांनी बदली माणूस आणला. पिंपळनेरच्या शाळेत शिपाई, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी मोठेपणाने म्हणालो, चालवून घ्या अक्का, नवीन आहे.

त्यातली चौथी तारीख एरंडोलची होती आणि त्या दिवशी मला दुपारी अचानक मोकळीक मिळाली. न कळवता गेलो आणि मागे उभा राहिलो. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीलाच माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्याचा बेस ऐकू येत नव्हता, जाणवत होता. ढोलकीची थाप आणि त्याचा सूर एकाच माणसाने काढल्यासारखे. सूर गोल यायचा आणि लगेच संपायचा, पुढच्या शब्दाला जागा करून द्यायचा. अक्का गाताना एकदाही मागे वळून बघत नव्हत्या. माझ्याकडे त्या बघतात. अठरा वर्षं मी समजत होतो की कौतुकाने बघतात.

मध्यंतरात मी त्याची गिटार बघून आलो. कुठल्यातरी कारागिराने जुळवलेली, रंग उडालेला, मान बैलाच्या जुवाएवढी जाड. तारा काळ्या पडलेल्या, किती वर्षांच्या कोण जाणे. खाली ब्रिजपाशी, म्हणजे तारा जिथे अडकवतात तिथे, त्याने तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कोंबला होता. तारा पट्टीपासून इतक्या उंच की मधून पेन्सिल जाईल. माझ्याकडे पाच तारांची, बॅटरीवर चालणारी, आरशासारखी गिटार. तारा मी दर दोन महिन्यांनी बदलतो. आणि मला तिथे उभ्या उभ्या कळलं की माझा आवाज मांडवात टणटण का वाजतो. जुन्या तारा, स्पंज, उंची. मेलेला, जाड, आखूड सूर, ढोलकीला हवा तसाच. त्याला हे कळून जमलं होतं की गरिबीने जमवून दिलं होतं, तेवढंच मला कळेना.

घरी आल्यावर मी माझ्या गिटारीखाली स्पंज घालून बघितला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज आवाज बरा येतोय." मी रागाने स्पंज काढून टाकला. बदली माणसाचं बघून शिकायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

पंधरा दिवसांनी तोच माझ्या दुकानात आला. पिंपळनेरहून एस.टी.ने, दोन गाड्या बदलून, गिटार चादरीत गुंडाळून. खाली वाकून माझ्या पायाला हात लावायला लागला, मी अडवलं.

"भाऊ, तुमनं नाव बठ्ठा लोके लेतस," तो अहिराणीत म्हणाला, म्हणजे सगळे माझं नाव घेतात. "मनी गिटार जरा देखा ना. माले त्यामधलं काही समजत नही. अक्कांनी मोठा कार्यक्रम माले दिधा शे, अमळनेरना."

अमळनेरचा मोठा कार्यक्रम. तो दरवर्षी माझा असतो. त्या तारखेला मी मोकळा होतो आणि अक्कांना ते माहीत होतं. मला त्यांनी फोनही केला नव्हता.

मी त्याची गिटार रिवाइंडिंगच्या टेबलावर आडवी ठेवली, चष्मा लावला आणि डॉक्टर मान हलवतात तशी मान हलवली. तारा गंजल्यात, म्हणालो. हा स्पंज कशाला, याने आवाज मरतो. तारा फार उंच आहेत, बोटांना त्रास होत असेल. एकेक वाक्य कुठल्याही पुस्तकात सापडेल असं. सरळसोट रॉक वाजवणाऱ्याला मी हेच सांगितलं असतं आणि ते बरोबर ठरलं असतं. त्याच्यासाठी मात्र ते विष होतं, आणि ते मला माहीत होतं.

माझ्याजवळच्या नव्याकोऱ्या, खरखरीत स्टीलच्या तारा मी त्याला बसवून दिल्या. पान्याने त्या इतक्या खाली आणल्या की जोरात छेडलं तर मानेवरच्या धातूच्या फ्रेटपट्ट्यांना घासून करकरतील. स्पंज केराच्या डब्यात टाकला. तो हात जोडून उभा होता. चहा पाजला, त्याला बसस्टँडवर सोडलं, वर प्रेमाने सांगितलं, "बोटाने ब्रिजजवळ वाजवत जा, आवाज खुलतो." कपबशी विसळताना मी गुणगुणत होतो हे मला आठवतं.

अमळनेरला मी गेलो. त्याची फजिती बघायला गेलो, दुसरं कारण नव्हतं. संध्याकाळी सहालाच जाऊन तिसऱ्या रांगेत बसलो.

पहिलं गाणं सुरू झालं आणि त्याच्या गिटारीतून पत्र्यावर खिळे सांडल्यासारखा आवाज आला. ढोलकीवाल्याने दचकून त्याच्याकडे बघितलं. अक्का गाता गाता मागे वळल्या. माझ्या छातीत काय गारवा पसरला ते सांगायला लाज वाटते. मी शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणालो, "बेस बरा नाहीये आज." तो म्हणाला, "बेस कोणता?"

दुसऱ्या गाण्याआधी त्याने टोनचं बटण पूर्ण खाली फिरवलं. उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवली आणि बोटं सोडून अंगठ्याने वाजवायला लागला. शिवाय निम्मे सूर गाळले. हळू छेडत असल्याने तारांची करकर गेली. सूर परत आले, तेच जाड, गोल, आखूड. दोन कडवी झाल्यावर अक्कांनी एक शब्द लांबवला, तर त्याने हात उचलला, आणि नव्या तारेचा तो सूर अक्कांच्या शब्दाखाली शेवटपर्यंत टिकला. जुन्या मेलेल्या तारेवर हे कधीच झालं नसतं. त्याच्याजवळ आखूड सूर आधीच होता. लांब सूर मी त्याला नेऊन दिला होता.

माझा जळफळाट असा झाला की मी उठून मांडवाबाहेर गेलो आणि उसाच्या रसाच्या गाडीपाशी रस न घेता उभा राहिलो.

गाणं संपल्यावर अक्कांनी माइकवरच त्याला विचारलं, "आज हाई काय नवीन, भो?" आणि तो म्हणाला, "जळगावना भाऊनी करी दिधं. बठ्ठं त्यासनीच शिकाडं." टाळ्या झाल्या. त्या माझ्यासाठी होत्या आणि मी बाहेर होतो.

त्यानंतर तो जिथे जाईल तिथे हेच सांगायला लागला. साक्री, शिरपूर, पारोळा, सगळीकडे मी त्याचा गुरू. एकदा अडवून सांगावं असं वाटायचं, पण काय सांगायचं? अखेर अक्कांचा फोन आला. त्या माझ्याशी इतक्या गोड कधी बोलत नाहीत, म्हणून मी स्टूलवर बसूनच घेतलं.

"तुनाच चेला शे ना तो? मंग जागा घरमाच ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. "तुले दुकान शे, उन्हायामा तुनी धावपय व्हस. आपन तुना सत्कार करूत."

आमच्याकडे माणसाला खुर्चीवरून उठवायचं असलं की त्याच्या खांद्यावर शाल घालतात. मी स्वतः दोन ढोलकीवाल्यांच्या वेळी टाळ्या वाजवल्या आहेत.

सत्कार धुळ्याला झाला, मे संपता संपता, भर उकाड्यात, संध्याकाळी. मी पांढरा शर्ट घातला, वरून शाल. घाम पाठीवरून खाली उतरत होता. माझ्या खुर्चीत तो बसला होता आणि मी पाहुण्यांच्या सोफ्यावर. अक्कांनी माझ्या मोठ्या मनाबद्दल पाच मिनिटं सांगितलं. स्वतःची विद्या दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस, असं काहीतरी. मग माइक माझ्याकडे आला. दोन शब्द बोला.

मी ठरवून गेलो नव्हतो. समोर दोन-अडीचशे लोक, बायाबापड्या, पुढे बसलेली म्हातारी माणसं, आणि त्या सगळ्यांच्या तोंडावर माझ्याबद्दलचा आदर. तो आदर मला सहन होईना. तोही त्याच्यामुळेच मिळालेला.

मी म्हणालो, "मी याला काही शिकवलेलं नाही. याचा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता. माझी जागा जाईल म्हणून मी त्याला चुकीचा सल्ला दिला. त्याचं बिघडावं म्हणून मुद्दाम तारा बदलल्या. जे केलं ते त्याने स्वतः केलं."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माइक शिट्टी मारायला लागला. पुढच्या रांगेतले एक आबा डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, "देख, इतला मोठा मानूस, पन किती लहान व्हई बोलना." अक्कांनी मला मिठीच मारली. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माइक काढून घेतला.

मंचावरून उतरायची वाट ढोलकीच्या शेजारून होती. सगळे टाळ्या वाजवत होते, तो सोडून. तो मांडीवर गिटार धरून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याजवळून जाताना मान खाली घातली. त्याने माझ्या शालीचं टोक धरलं.

"माले तव्हयच समजनं व्हतं, भाऊ," तो हळूच म्हणाला. "तुमना दुकानमाच. जे बरं व्हतं बराबर तेच तुमी काढी टाकं. पन मनं वाजाडनं आजलोंग इतलं ध्यान देईसन कोनीच ऐकेल नव्हतं."

आणि शालीचं टोक सोडून त्याने हात तारांवर ठेवला, कारण अक्कांनी गाणं उचललं होतं.