बोरमाळ आणि आमची कानडी

बायको शाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिने स्वतःच्या पैशातून स्वतःसाठी एकच गोष्ट घ्यायची ठरवली: सोन्याची बोरमाळ. लग्नातली बोरमाळ घर बांधताना मोडली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही विषय काढला नाही. न बोलण्याच्या बाबतीत आमचं चांगलं जमतं.

सराफाचं दुकान नवंकोरं होतं. बाहेर सोलापूरचं ऊन आणि त्यात फेटा बांधून उभा केलेला दरवान. आत इतका गारठा, की सोन्याआधी शाल विकत घ्यावी. पाणी मागितलं तर बदाम दूध आलं. भिंतीवर एका नवरीचा भलामोठा फोटो होता. मी म्हणालो, "एवढ्या दागिन्यांत हिला जेवायला तोंड तरी उघडता येत असेल का?" बायको हसली. इथवर सगळं ठीक चाललं होतं.

काउंटरवरच्या मुलीने सात-आठ बोरमाळा मखमलीवर मांडल्या. बायकोने एकेक माळ हातात घेऊन पाहिली, घाई न करता, वह्या तपासायची तशी. शेवटी एक दुपदरी माळ गळ्यात घातली. पदर जरा खाली घेतला, हनुवटी वर केली आणि आरशासमोर बसून राहिली. इतक्या वर्षांत तिला स्वतःकडे असं बघताना मी पाहिलं नव्हतं.

आमच्या घरात कानडी बोलतात. दुकानात नवरा-बायकोने खाजगी बोलायचं ते कानडीतून, ही जुनी सवय. पुण्यात ती खपून जाते. सोलापुरात, जिथं निम्मं गिऱ्हाईक अक्कलकोट-दुधनीकडचं, कानडी बोलणारं, तिथंही ती खपेल असं माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसालाच वाटू शकतं. मी वाकून कानडीत म्हणालो, "माळ झकास आहे गं, पण ती मिरवायला मान कुठं उरलीय तुझी? नुसत्या सुरकुत्या. त्यापेक्षा नाणी घे."

मुलीने मान खाली घालून ट्रे उगाच नीट केला. शेजारच्या खुर्चीवरच्या एका आजीबाईंनी मात्र वळून माझ्याकडे नीट पाहिलं आणि खणखणीत कानडीत विचारलं, "काय हो साहेब, डोक्यावर एक केस न्हाय, मग खिशात कंगवा कशाला बाळगलाय?"

सगळं काउंटर हसलं. पलीकडे तराजूपाशी बसलेला माणूससुद्धा. म्हणजे सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. मीही हसलो, कंगवा खरंच होता.

बायको हसली नाही. तिने मागचा गोंडा सैल केला, माळ काढून मखमलीवर ठेवली आणि म्हणाली, "ब्याड." नको. मग मी सांगितली होती तशी नाणी घेतली. रिक्षात ती भाजीबद्दल बोलत होती.

महिन्याभराने मी एकटाच गेलो. मुलीने मला ओळखलं. न विचारता तीच माळ काढली. "मॅडमना आणायचं ना, सर," एवढंच म्हणाली.

घरी बायकोने पेटी उघडून पाहिली. "चांगली आहे. सुनेला होईल."

"अगं, घालून तर बघ."

"बघितली की त्या दिवशी."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर माफी मागायला जागा मिळाली असती. तरी मी माफी मागितली, ओबडधोबडच. "अहो, काहीतरीच तुमचं," म्हणत ती कुकर लावायला गेली.

या उन्हाळ्यात दुधनीला तिच्या भाचीचं लग्न होतं. मांडवात माणसं उकाड्याने घायकुतीला आली होती. बायकोने पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन गळ्याशी पिन लावली होती. तिची बहीण म्हणाली, "अगं, सोड की तो पदर, उकडत न्हाय का?"

"बरा आहे," ती म्हणाली.

जवळच एक उभा पंखा होता. मी उठून त्याचं तोंड तिच्याकडे वळवलं आणि परत जागेवर येऊन बसलो.